शौकाचा हिशेब

उर्दूत ज्याला शौक म्हणतात त्याला मराठीत छंद म्हणतात आणि आमच्या कोकणात सरळ नाद म्हणतात. तिन्ही शब्द एकाच गोष्टीला लावले जातात, पण तिन्हींचे वजन वेगळे आहे. शौकात थोडी ऐट असते. छंदात शिस्त असते. नादात यांपैकी काहीच नसते. नाद लागतो, आपण लावून घेत नाही. शिवाय नाद म्हणजे आवाजही. आम्हा चौघांना जो नाद लागला त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. रविवारी सकाळी सड्यावर आमची गाडी सुरू झाली की खालच्या मोहल्ल्यात चहा पिणाऱ्यांनाही ते कळते.

आम्ही चौघे म्हणजे तीन भाऊ आणि एक शेजारी. भाऊ सख्खे नव्हेत, चुलत आणि फुफेरे. पण एकाच अंगणात वाढलेले. आमच्यातला एक उर्दू शाळेत मुलांना गणित शिकवतो, एक टेम्पो चालवतो, शेजाऱ्याचे दुचाकीचे गॅरेज आहे आणि चौथे आमचे भाईजान. फुफीचे थोरले चिरंजीव. तेरा वर्षे शारजा-दुबईत काढून ते 2020 साली कायमचे घरी आले. येताना इतरांनी आणले तसे ब्लँकेट, अत्तर, खजूर त्यांनीही आणले. त्यांच्या सामानात आणखी एक खोके होते. त्यात सुटे करून बांधलेले एक मोटारीचे खेळणे होते.

खेळणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बॅटरीवर चालणारी, सोफ्याखाली जाणारी गाडी येते. ही तशी नाही. खऱ्या गाडीच्या एक पंचमांश मापाची, जवळजवळ पावणेतीन फूट लांब, दहा किलो वजनाची आणि पेट्रोलवर चालणारी ही गाडी आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी शर्यतींत ज्या प्रकारच्या गाड्या पळतात, त्यांचे हे लहान रूप. म्हणून तिचे नावच बाहा. एचपीआय नावाच्या कंपनीने 2006 सालच्या आसपास ती बाजारात आणली. त्याआधीपासून जर्मनीत एफजी नावाची कंपनी एवढ्याच मोठ्या मापाच्या पेट्रोल गाड्या बनवत होती आणि युरोपात त्यांच्या रीतसर शर्यती होत होत्या. पुढे चिनी कंपन्यांनी बाहाच्या हुबेहूब नकला काढल्या. आमची दुसरी गाडी अशीच चिनी, जुनी, दोन मोडक्या गाड्यांतून गॅरेजवाल्या शेजाऱ्याने एक करून उभी केलेली. एक गाडी असेल तर तिला फक्त पळवता येते. शर्यत म्हटली की दोन लागतात.

या गाडीचे इंजिन पाहिले तेव्हा भाईजानांखेरीज आम्ही तिघेही हसलो, कारण ते आमच्या ओळखीचे निघाले. कोकणात आंब्याच्या बागेत पावसाळ्यानंतर गवत कापायला खांद्याला अडकवायचे जे मशीन वापरतात, त्याचाच हा भाऊ. जपानची झेनोआ कंपनी असली छोटी टू-स्ट्रोक इंजिने गवत कापायच्या आणि लाकूड कापायच्या मशीनसाठी बनवत आली. तीच थोडी बदलून गाडीत बसली. तशीच दोरी ओढून सुरू करायची, तसेच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे. एक लिटरला चाळीस मिलिलिटर, म्हणजे पंचवीसास एक. ज्यांनी लुना किंवा जुनी बजाज स्कूटर चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. रस्त्यावरून टू-स्ट्रोक जवळजवळ गेली, पण तो निळा धूर आणि तो वास आमच्या पिढीच्या लहानपणात मुरलेला आहे. आमच्यातल्या गणितवाल्याने तर या इंजिनाचा धडाच केला. सिलिंडरचा आतला व्यास 32 मिलिमीटर, पिस्टनची चाल 28 मिलिमीटर. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची. फळ्यावर मांडले की उत्तर येते साडेबावीस घनसेंटिमीटर, आणि इंजिनाच्या कागदावरही तेवढेच छापलेले असते. पुस्तकातला वृत्तचिती वर्गाबाहेर खरा निघतो हे पाहून मुलांना जो आनंद होतो, तो शंभर उदाहरणे सोडवून होत नाही.

हा नाद इतका का लागतो, असे लोक विचारतात. वेग हे त्याचे उत्तर आहे, पण अर्धेच. सपाट जागी ही गाडी तासाला साठ-सत्तर किलोमीटरने जाते. एवढी लहान वस्तू एवढ्या वेगाने जमिनीलगत जाते तेव्हा तो वेग डोळ्यांना कितीतरी जास्त भासतो. मात्र चालवणारा गाडीत नसतो. तो सड्यावरच्या उंचवट्यावर रिमोट घेऊन उभा असतो. गाडी त्याच्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. ती वळून त्याच्याकडे यायला लागली की सगळे उलटे होते. गाडीची उजवी बाजू आपली डावी होते. पहिले कित्येक दिवस प्रत्येकाने गाडी गडग्यावर नेऊन आपटली. मग एक दिवस असा येतो की मन विचार करायचे थांबते आणि आपण त्या गाडीत जाऊन बसतो. टेम्पोवाल्या भावाला हे सर्वांत आधी जमले. तो म्हणतो, टेम्पोत मी बसलेलो असतो पण माझे मन घरी असते. इथे मी बाहेर उभा असतो आणि माझे मन गाडीत असते.

उरलेले अर्धे उत्तर इंजिनात आहे. इंजिनाला थाप मारता येत नाही. प्लग काढून पाहिला की तो सगळे सांगतो. काळा आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त येते आहे. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त, म्हणजे पिस्टन जळायची वेळ. चहाच्या रंगाचा असेल तर अल्हम्दुलिल्लाह. कार्बोरेटरच्या दोन स्क्रूंना पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत सकाळचा तास निघून जातो, आणि त्या तासात चार प्रौढ माणसे गुडघे टेकून एका वीतभर यंत्राभोवती बसलेली असतात. आमच्यात कोणाचे राजकारण जुळत नाही, दोघांत तर जमिनीच्या एका बांधावरून अनेक वर्षे अबोला होता. प्लगच्या रंगावर मात्र एकमत होते.

शर्यत साधी असते. जुन्या टायरांना चुना फासून वळणे आखतो. दोन गाड्या, दहा फेऱ्या, मग चालवणारे बदलायचे. शर्यत म्हटली की पैज आलीच, असे मानणारे बरेच असतात. सुरुवातीला ठरले होते की हरेल त्याने वडापाव द्यायचा. हे कळल्यावर आमच्या मशिदीच्या पेशइमामांनी हसत हसत सांगितले, की घोडा, उंट आणि तीर यांच्या शर्यतींचा उल्लेख हदीसमध्ये आहे, शर्यतीला हरकत नाही. पण हरणाऱ्याच्या खिशातून जिंकणाऱ्याने खाल्ले तर तो जुगाराचा भाऊ झाला. तेव्हापासून वडापाव पाळीपाळीने येतो, हरो वा जिंको. यात एक फायदा असा झाला की कोणी हरल्याचे दुःख करत नाही आणि जिंकल्याची फुशारकीही एका घासापलीकडे टिकत नाही.

आता खर्च. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून आहे आणि ती गणितवाल्याकडे असते. गाड्यांची मूळ किंमत सोडून पहिल्या वर्षाचा खर्च अठ्ठावन्न हजार रुपये झाला. ऐकणाऱ्याला वाटते, पेट्रोल एवढे महाग! वहीत पेट्रोल आणि ऑइल मिळून साडेसहा हजारच आहेत. एका टाकीत सातशे मिलिलिटर पेट्रोल मावते आणि ते आम्हाला अर्धा-पाऊण तास पुरते. लहान मापाच्या गाड्या मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या महागड्या मिश्रणावर चालतात. त्यांच्या मानाने ही गाडी पोटाने गरीब आहे. पैसा खातात ते बाकीचे अवयव. टायर जांभ्या दगडावर खरवडून निघतात. क्लचचे शू झिजतात. स्टीअरिंग फिरवणारी सर्वो मोटर एका आपटीत दात गमावते. सड्याची तांबडी धूळ सर्वांत वाईट. फिल्टरला तेल लावून तो रोज धुतला नाही, तर ती आत जाऊन पिस्टन-रिंग आणि सिलिंडर घासून काढते. त्यात भर म्हणजे पेट्रोल बदलले. 2025 पासून देशभर पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा व पेट्रोलच्या नळ्या कडक करते. म्हणून खेळ संपला की टाकी रिकामी करायची आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे, हा आमचा नियम आहे. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. दोनशेच्या वस्तूला पाठवणावळ आणि जकात धरून सातशे पडतात. अठ्ठावन्न हजारांचे चार भाग केले तर प्रत्येकी साडेचौदा हजार. महिन्याला बाराशे. पान-तंबाखूवर याहून जास्त घालवणारे आमच्या माहितीत आहेत, पण दुसऱ्याचे व्यसन दाखवून आपला शौक स्वस्त होत नाही.

दुसरा खर्च वहीत मांडता येत नाही. दहा किलोची वस्तू तासाला 72 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 20 मीटरने जाते तेव्हा तिच्यात दोन हजार ज्यूल ऊर्जा असते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी 144 किलोमीटरने आला तरी त्यात सव्वाशेच्या आसपास असते. म्हणजे एका वेळी सोळा चेंडू. किंवा दहा किलोचा दगड सहा मजल्यांवरून खाली टाकला असे समजा. ज्याच्या नडगीवर हे येईल त्याला ते खेळणे वाटणार नाही. गाडीत फेलसेफ असते. रिमोटचा संदेश तुटला की ती आपोआप ब्रेक लावते. पण गाडीतली बॅटरीच संपली तर फेलसेफ कोण चालवणार? म्हणून बॅटरी उतरताच इंजिनाची ठिणगी तोडणारा वेगळा स्विच बसवला आहे आणि ॲक्सिलरेटर मागे खेचणारी स्प्रिंग दर रविवारी तपासली जाते. बघायला मुले येतात. शाळेतली अर्धी मुले येतात असे म्हटले तरी चालेल. त्यांची जागा गडग्याच्या मागे. एक डोके जरी गडग्याच्या पुढे आले तरी दोन्ही गाड्या बंद. गुरे सड्यावर असली तर गाडी काढायची नाही. आधी सगळा सडा पायी फिरायचा. उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते, शिवाय रत्नागिरीच्या सड्यांवर ठिकठिकाणी कातळशिल्पे सापडली आहेत. आपल्या पायाखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय चाक फिरवू नये. पावसाळ्यात आणि रमजानमध्ये गाड्या पोत्यात.

एवढे करूनही फुफीचा प्रश्न शिल्लक राहिला. एका रविवारी त्या स्वतः सड्यावर आल्या, गडग्यावर बसून दहा फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "बाबांनो, या गाडीत माणूस बसत नाही, सामान बसत नाही. मग ही जाते कुठे?" कोणालाच उत्तर देता आले नाही. फिजूलखर्चीबद्दल कुरआनात किती कडक शब्द आहेत हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. फुफींनी त्यातला एकही शब्द उच्चारला नाही. फक्त विचारले आणि उतरून गेल्या.

त्या रात्री भाईजान बरेच बोलले. एरवी ते आखातातल्या दिवसांबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यांनी दुबईजवळच्या अल मरमूमच्या मैदानावर उंटांच्या शर्यती पाहिल्या होत्या. उंटाच्या पाठीवर माणूस नसतो, एक छोटा रोबो असतो. मालक शेजारच्या रस्त्यावरून मोटारीने धावत असतो आणि रिमोटचे बटण दाबून रोबोकडून चाबूक मारवतो. पाहायला गंमत वाटते. पण या रोबोच्या जागी पूर्वी लहान मुले असत. बांगलादेश, पाकिस्तान, सुदानमधून आणलेली, काही तर चार-पाच वर्षांची. वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर जेवू देत नसत. पडून किती जणांची हाडे मोडली, कोणी जिवानिशी गेले. जगभर ओरड झाल्यावर 2005 साली कतार आणि संयुक्त अरब अमिरातीने मुलांना बसवण्यावर बंदी घातली. कतारसाठी पहिले रोबो स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. युनिसेफच्या मदतीने अमिरातीतून एक हजारावर मुले आपापल्या देशी परत गेली.

भाईजान म्हणाले, "शौक शेखांचा होता आणि किंमत भरत होती आमच्यासारख्यांची पोरे. या रिमोटने निदान ती तरी वाचली." थोडे थांबून म्हणाले, "आपल्या शौकाची किंमत कोण भरतो?"

भाईजानांची थोरली मुलगी, आमची पुतणी, त्या वर्षी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला विज्ञान शाखेला रत्नागिरीला जायचे होते. वसतिगृह आणि कॉलेज मिळून वर्षाचे अडतीस हजार लागणार होते. भाईजान परत आल्यापासून मिळेल ते काम करत होते आणि त्यांच्या खिशात महिन्याचे बाराशे रुपये कोठून येत होते हे वही लिहिणाऱ्याला माहीत होते, फुफींच्या पेन्शनीतून. बाकी तिघांनी त्यांचा हिस्सा आपण भरू असे सांगितले, तर ते त्यांना मान्य झाले नाही. दुसरीकडे हेही खरे की परतल्यानंतरचे पहिले सहा-आठ महिने भाईजान घराबाहेर पडत नव्हते. त्यांना पहिल्यांदा सड्यावर आणले ते या गाडीनेच. ज्या वस्तूने माणूस उठवला तीच विकायला सांगायचे तरी कसे? आणि न सांगायचे तरी कसे?

त्यानंतर एक झाले. वही घरी वाचायची ठरली. चारही घरांतल्या बायका, फुफी आणि पुतणीसुद्धा बसल्या. गणितवाल्याने एकेक रकम मोठ्याने वाचली. टायर इतके, सर्वो इतके, क्लच इतके. आतापर्यंत ज्यांना फक्त आवाज आणि मळलेले कपडे माहीत होते, त्यांना पहिल्यांदा आकडे कळले. कोणी ओरडले नाही. टेम्पोवाल्याच्या बायकोने एवढेच विचारले की रविवारच्या सकाळींची बेरीज कोणत्या पानावर आहे. ते पान वहीत नव्हते. वाचन संपल्यावर भाईजान स्वतःच म्हणाले, "बाहा विकून टाकू."

गिऱ्हाईक कोल्हापूरकडचे मिळाले. ते गाडी पाहायला आले तेव्हा भाईजानांनी एका ओढीत इंजिन सुरू करून दाखवले. चहाच्या रंगाचा प्लग काढून दाखवला. सुट्या भागांसह पंचावन्न हजारांत व्यवहार झाला. अडतीस हजार फीला गेले. उरलेल्या पैशांतून पान्हे, कार्बोरेटरचे पडदे, नळ्या आणि प्लग आले, कारण भाईजानांनी गॅरेजच्या पडवीत गवत कापायची मशीन दुरुस्त करायला सुरुवात केली होती. आंबा बागायतदारांकडे अशी बंद पडलेली मशीन कितीतरी असतात. बहुतेकांचा आजार तोच, जुने पेट्रोल आत राहून कडक झालेला पडदा. पैसा फार मिळतो असे नाही. पावसाळ्याच्या शेवटी दोन महिने हाताला उसंत नसते, पुढे काम तुरळक असते. पण खर्चाचा बाराशेचा हिस्सा आता फुफींच्या पेन्शनीतून येत नाही आणि पुतणी बारावीला आहे.

आता आमच्याकडे एकच, चिनी गाडी राहिली आहे. चौघांत एक. शर्यत घड्याळाशी असते. ज्याच्या दहा फेऱ्या कमी वेळात होतील तो पुढे. खरे सांगायचे तर दोन गाड्या वळणावर एकमेकींना घासून जात तेव्हा पोटात जे व्हायचे ते घड्याळाशी होत नाही. हल्ली याच मापाच्या बॅटरीवरच्या गाड्याही मिळतात. त्या आवाज करत नाहीत, धूर सोडत नाहीत आणि वेगाने याहून जास्तच. गॅरेजवाल्या शेजाऱ्याने त्याची किंमत काढून आणली होती. वही पुन्हा घरी वाचली गेली आणि विषय तिथेच थांबला. रविवारही आता महिन्यातून दोनच, सकाळी नऊपर्यंत. हे टेम्पोवाल्याच्या बायकोच्या प्रश्नावरून ठरले.

कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा मधूनमधून फोन येतो. गाडी गरम झाली की अडते, काय करू? भाईजान हातातले मशीन बाजूला ठेवतात आणि त्यांना फोन इंजिनाजवळ धरायला सांगतात. डोळे मिटून ऐकतात. गॅरेजमध्ये त्या वेळी कोणी पान्हासुद्धा वाजवत नाही. मग ते सांगतात, वरचा स्क्रू पाव आटा बाहेर घ्या, आणि पुन्हा कान लावून बसतात.